घड्याळ घातलेला वीर

सुनेने परवा मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. कुठल्याशा परदेशात समुद्राच्या तळाशी माणसांचे पुतळे नेऊन ठेवलेत, काही उभे, काही बसलेले. मुद्दाम ठेवतात म्हणे. त्यांच्या अंगावर पोवळी धरतात, मासे राहायला येतात आणि समुद्राचा ओसाड झालेला तुकडा पुन्हा नांदता होतो. सुनेला फार नवल वाटत होतं. मी नुसतं "बरं आहे" म्हटलं, तर तिला वाटलं मला समजलं नाही, म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून लावून दाखवली. दुसऱ्यांदाही मी बरं आहे म्हटलं.

समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला आणि मला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. पण पाण्याखाली ठेवलेल्या दगडाच्या माणसाचं काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. माझा भाऊ तसा उभा आहे. समुद्रात नाही, आमच्या शिंदखेडा तालुक्यातल्या एका धरणात.

आमच्या भाऊबंदकीत लग्नाआधी मुलगा गेला की त्याचा दगड करतात. त्याला वीर म्हणतात. लढाईत पडला पाहिजे असं काही नाही, तापाने गेला तरी वीरच. हात-दीड हात उंच दगड, त्यावर घोडा, घोड्यावर स्वार, वर चंद्र आणि सूर्य. हे दगड शेताच्या बांधावर ओळीने उभे असतात. धूळवडीला त्यांना तेल-शेंदूर आणि नारळ. आणि घरात लग्न निघालं की पहिली हळद वीराची. त्याची राहून गेली म्हणून. त्याला लागल्यावर मग नवऱ्या मुलाला किंवा मुलीला. हे चुकवून केलेलं लग्न मी आमच्यात पाहिलेलं नाही. आमच्या बांधावर असे चार दगड होते. त्यातल्या तिघांची नावंसुद्धा कुणाला आठवत नव्हती. चौथा माझा भाऊ.

भाऊ माझ्याहून मोठा, शिंदखेड्याच्या शाळेत दहावीला होता. पोळ्याच्या सकाळी तो बैल धुवायला नदीवर घेऊन गेला. वर कुठेतरी पाऊस झाला असावा, आमच्याकडे तर ऊन होतं. नदी एकदम चढली. दोन्ही बैल पोहून काठाला लागले आणि सवयीने घरी आले. त्यांच्यामागे भाऊ येईल म्हणून माय दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. तो दुसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या डोहाशी सापडला. बैलांच्या शिंगांना लावायला त्याने दोंडाईच्याच्या बाजारातून बेगडी कागद आणला होता. तो कपाटात तसाच राहिला. पुढे कितीतरी वर्षं कपाट उघडलं की चमकायचा, आणि कुणी तो टाकलाही नाही.

घरात सुरुवातीला रडारड झाली तेवढीच. मग ती एकदम बंद झाली. माय चूल पेटवायची, भाकरी करायची, गोठ्यात जायची. विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून बोलायची नाही. श्रावणातल्या कानबाई देवीच्या जागरणाला तिच्याच तोंडची गाणी सगळ्या बायकांना लागत, ती आता मागे बसून नुसत्या टाळ्या वाजवायची, त्याही एक ताल मागे. आबा, म्हणजे माझे वडील, शेतातून आले की खाटेवर बसून छताकडे बघायचे. एका घरात तीन भाडेकरू राहावेत तसे आम्ही राहायचो. नातेवाइकांना हे पटत नव्हतं. येऊन येऊन आम्हाला रडवायचा प्रयत्न करायचे, आणि मला त्यांचा मनापासून संताप यायचा.

माझं म्हणाल तर मला काहीच होत नव्हतं. शाळेत जायचे, जेवायचे, झोपायचे. आपण वाईट मुलगी आहोत असं मला तेव्हा वाटायचं. भावाची सायकल ओसरीवर होती, तिच्या सीटवर मी कपडे वाळत घालायचे.

वीराचा दगड आबांनी सोनगीरच्या पुढे हायवेच्या कडेला बसणाऱ्या एका पाथरवटाकडून घडवून घेतला. तो जाती, पाटे आणि वरवंटे करायचा, कधीमधी वीरही. आबांनी भावाला कबूल केलं होतं, मॅट्रिक झालास की मनगटी घड्याळ घेऊन देईन. म्हणून त्यांनी पाथरवटाला सांगितलं, स्वाराच्या हातात घड्याळ काढ. पाथरवटाने जन्मात असलं काही कोरलेलं नव्हतं. त्याने घोडा झकास काढला, स्वार बरा काढला आणि त्याच्या मनगटावर भाकरीएवढी एक चकती काढली. तीत दोन रेघा. मी पाहिलं आणि मला हसू येता येता राहिलं. माय मात्र त्या चकतीवर बोट फिरवत राहिली.

मग शेंदूर सुरू झाला. माय धूळवडीची वाट बघायची नाही, दर अमावास्येला जायची आणि तेलात कालवलेला शेंदूर हाताने त्या दगडाला चोपडायची. उरलेला बाकीच्या तिघांना. वर्ष-दोन वर्षांत घोडा दिसेनासा झाला, मग स्वार, मग ती चकतीही बुजली. बाकीचे तिघे तर आधीपासूनच नुसते लाल गोळे होते. लांबून पाहिलं तर चौघांत काडीचा फरक नव्हता. शेंदूर खरवडायचा नसतो. गळून पडला तर पडला, माणसाने नख लावायचं नाही. भाऊ कुठला हे आम्ही जागेवरून ओळखायचो. नदीकडचा, शेवटचा.

त्यानंतर धरण आलं. मोठं नव्हे, मध्यम प्रकल्प म्हणायचे त्याला. आमचं गाव आणि नदीकाठची सगळी काळी जमीन त्यात जाणार होती. गावाला वर मुरमाड माळावर जागा मिळाली. लोक आपापल्या घरांचे दरवाजे, चौकटी, वासे काढून वर नेत होते. आबाही बरेच दिवस वरच राहून घर उभं करत होते. घर मोडायचं मला दुःख झालं का, असं मला पुढे कुणीकुणी विचारलं. मला आठवतं ते इतकंच की माय वरवंटा खाली विसरली आणि नव्या घरात पहिले काही दिवस चटणी शेजारच्या बाईच्या पाट्यावर वाटावी लागली.

मायने त्या सगळ्या धांदलीत एकच गोष्ट मागितली. आबांच्या पुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हणाली, "मना पोऱ्याले आखो पानीमा टाकानं नही."

पोराला पुन्हा पाण्यात टाकायचं नाही. आबांनी घास तसाच हातात धरला होता. मग मान डोलावली.

पण दगड हलवायचा तर भाऊबंदकीला विचारावं लागतं. आमच्यातले सगळ्यांत म्हातारे नाना होते, त्यांच्याकडे आबा गेले. मी बरोबर होते. नानांनी बराच विचार केला आणि सांगितलं, "जेनी माय जित्ती शे, त्योच वीर हालस. बाकीना जमीनना व्हई गयात." म्हणजे ज्याची आई जिवंत आहे तो आईच्या मागे जाईल, त्याला नेता येईल. ज्यांच्या आया गेल्या ते जमिनीचे झाले, जमीन बुडाली तर ते तिच्याबरोबर बुडतील. कुणी याला शास्त्र म्हणेल, कुणी येडेपणा. मला ऐकून बरं वाटलं होतं, कारण निदान एक गोष्ट तरी सरळ झाली. चारातला एक वर येणार होता आणि कुठला तो सगळ्यांना माहीत होतं.

ज्येष्ठात आबा आणि माझे चुलते बैलगाडी घेऊन गेले आणि नदीकडचा शेवटचा दगड उपटून, बारदानात गुंडाळून घेऊन आले. उभा करायचा तो सर्वपित्री अमावास्येलाच, तोवर त्याला नव्या गोठ्यात आडवा ठेवला. मधल्या काळात बारदान सोडायचं नाही आणि बायकांनी हात लावायचा नाही, हेही नानांनीच सांगितलं होतं. श्रावणात पाणी भरलं. आमचा बांध, शेत, मारुतीचं देऊळ, सगळं हळूहळू खाली गेलं. सर्वपित्रीपर्यंत तिथे नुसतं करडं पाणी होतं आणि वर बगळे.

त्या दिवशी घरामागच्या लिंबाखाली वीर मांडला. बारदान सोडलं, मायने तेल ओतलं, दोन्ही हातांनी वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि मध्येच हात तसाच ठेवून बसली. बराच वेळ बसली. जमलेल्या बायका पदर सावरून तयारीत होत्या, आता ही रडणार म्हणून. ती रडली नाही. उठली आणि चुलीवरचा भात करपेल असं म्हणून आत गेली. बायकांची निराशा झाली. मला मायचा अभिमान वाटला.

नवं गाव रुळलं. माळावर पाणी कमी, झाडं विरळ, वारा मात्र मुबलक. माय लिंबाखालच्या वीराला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची. कधीकधी त्याच्याशी काहीतरी बोलायची, आमच्याशी बोलायची नाही इतकं. मी म्हणायचे, चला, एकाशी तरी बोलते आहे.

धरणात सरकारने मासे सोडले आणि मासेमारी करायला खालच्या अंगाची भोयांची काही घरं आली. त्यांच्यातला एक म्हातारा भोई दर बाजारी डोक्यावर टोपली घेऊन आमच्या गावात मासे विकायला यायचा. आमच्या घरात भावानंतर मासे बंद होते. माय त्याच्याकडून कधी काही घ्यायची नाही. पण त्याला हाक मारून ओट्यावर बसवायची, चहा द्यायची आणि विचारायची, "पानी कितलं शे?"

तो सांगायचा. देवळाच्या कळसाला लागलं. कळस बुडाला. दोन हात उतरलं. मग इकडचं तिकडचं सांगायचा. पाण्यातल्या वीरांच्या ओळीत जाळं अडकून फाटतं, म्हणून तिथे आम्ही जाळं टाकत नाही. जाळं पडत नाही म्हणून मासा तिथे निवांत बसतो. दगडांच्या फटींत झिंगे आहेत, वाम आहे, आणि मरळ तिथेच पिल्लं काढते. मरळीची पिल्लं लालसर असतात आणि पाण्यात त्यांचा पुंजका तरंगत असतो. त्याच्याखाली आई-बाप दोन्ही पहारा करतात. माणसाने हात घातला तर अंगावर येतात. आजूबाजूला तळ नुसता गाळाचा, तिथे काही टिकत नाही. जे काय जिवंत आहे ते वीरांच्या आणि देवळाच्या आसऱ्याला.

माय हे सगळं ऐकायची, मग टोपली उचलायला त्याला हात लावायची. मी थट्टा करायचे की मायला पाटबंधारे खात्यात नोकरी लावून द्या, रोजची पातळी तोंडपाठ आहे. आबा त्यावर हसायचे नाहीत. ते धरणाचा विषय निघाला की उठून जायचे.

अशी वर्षं गेली. मी कॉलेजला दोंडाईच्याला जाऊन आले, मग माझं लग्न ठरलं. मुलगा शाळेत मास्तर होता, बरा होता. होकार देताना मला फार आनंद झाला असं नाही आणि दुःखही नाही. पाहुणे म्हणाले, मुलगी शांत आहे. तारीख वैशाखात धरली.

त्या साली पावसाने आधीच दगा दिला होता. नव्वदीची सुरुवात असेल. धरण उतरत उतरत इतकं उतरलं की जुनं गाव वर आलं. मग काय, माळावरची सगळी माणसं बैलगाड्या, सायकली घेऊन आपलं गाव बघायला जाऊ लागली, जत्राच भरली. तडे गेलेल्या गाळातून वाट काढत जो तो आपल्या घराच्या जोत्यावर जाऊन बसायचा. भिंत नाही, छत नाही, पण माणसं बरोबर आपापल्या ओट्याच्या जागी बसून एकमेकांना रामराम करत होती. माय गेली नाही. पोळ्याच्या त्या दिवसापासून ती नदीच्या, तळ्याच्या, कुठल्याच पाण्याच्या काठाला गेली नव्हती.

लग्नाच्या थोडं आधी आबा मला म्हणाले, "चाल, वावर देखी येऊत." आबांनी आपणहून काही सुचवावं हेच इतकं नवीन होतं की मी कारण न विचारता निघाले.

आमचं शेत सगळ्यांत खोलगट. तिथे अजून पोटरीएवढं पाणी होतं. ऊन वर आलेलं, पाणी वरच्या थरात गरम, खाली थंड. आणि त्या पाण्यात तीन वीर उभे होते, ओळीने, एकमेकांपासून सुटे. मला वाटलं होतं लाल गोळे दिसतील. शेंदराची सगळी खपली पाण्याने सोडवून नेली होती. खालचा दगड उघडा पडला होता आणि त्याला दुसरंच काही चढलं होतं. हिरवं-काळं शेवाळ, त्यात बारीक गोगलगायी चिकटलेल्या, घोड्याच्या पोटाखाली शिंपले, लगामाच्या खाचेत कसलीशी अंडी. एका स्वाराच्या कुशीतून झिंग्याच्या मिशा हलत होत्या. इतकी वर्षं मी या दगडांना पाहत आले होते, पण त्यांना घोडे आहेत हे मी विसरून गेले होते. मला ते फार सुंदर वाटलं. असं काही वाटायची मला सवय राहिली नव्हती, म्हणून मी थोडी घाबरले.

मधल्या दगडाशी मी वाकले आणि उगीच, काही मनात नसताना, तळहाताने शेवाळ पुसलं. घोड्याचं तोंड निघालं. मग लगाम धरलेला हात. हाताच्या मनगटावर भाकरीएवढी चकती होती आणि तीत दोन रेघा.

मी आबांना हाक मारली नाही. ते मागेच उभे होते. ते पाण्यात गुडघ्यांवर बसले, धोतर भिजलं, आणि त्यांनी त्या चकतीवर अंगठा ठेवला. कितीतरी वेळ अंगठा उचलला नाही.

"हाऊच शे," ते म्हणाले.

घोळ कसा झाला ते तिथेच पाण्यात बसून उलगडलं. धरणाच्या भिंतीत भरायला काळी माती लागते. आम्ही दगड उचलायच्या थोडंच आधी, दोन अमावास्यांच्या मध्ये, ठेकेदाराच्या माणसांनी आमच्या नदीकाठच्या शेतातून ती उचलली होती, हे आबांच्या कानावर आलं होतं. ते तेव्हा वर माळावर घर बांधत होते. माती काढताना बांधावरचे वीर त्या माणसांनी उपटून बाजूला ठेवले असणार, आणि देवभोळी माणसं ती, काम झाल्यावर पुन्हा ओळीने, नारळ फोडून उभे केले असणार. कोण कुठे होता हे त्यांना कसं ठाऊक असेल? आणि आबांनी येऊन नदीकडचा शेवटचा उचलला. शेंदराला नख कुणीच लावलं नाही. ज्याची आई कधीच मरून गेली असा कुणीतरी पणजोबाच्या वेळचा पोरगा आम्ही आईच्या मागे नेला, आणि ज्याची आई जिवंत तो पाण्यात राहिला.

आबा उठले तेव्हा त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं. म्हणाले, "तुनी मायले सांगू नको." लग्न पार पडलं की गाडी आणून गुपचूप दगड बदलायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. पाऊस यायच्या आत.

"हळदनं काय?" मी विचारलं.

आबा काठाकडे चालू लागले. हळद लग्नाच्या आधी असते. ती लिंबाखालच्या परक्या पोराला लागणार होती आणि त्याच्यानंतर मला. भावाला नाहीच. मायच्या कानावर हे गेलं तर ती जगणार नाही, असं आम्हा दोघांना वाटत होतं. आम्ही घरी आलो. दारात मायने आमच्या पायांचा गाळ पाहिला आणि पाय धुवायला बादली ठेवली.

त्यानंतरचे दिवस मी कशी वागले ते मला नीट सांगता येणार नाही. बांगड्या भरल्या, साड्या आल्या, मामांना नेसवायला धोतरं आली. मला पुन्हा काहीच वाटेनासं झालं होतं. फक्त लिंबाखालच्या वीराकडे पाहिलं की चीड यायची. त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण यायची.

हळदीच्या दिवशी सकाळी घर बायकांनी भरलेलं होतं. जात्यावर हळद दळून झाली. वीराची हळद घेऊन जायची वेळ झाली तेव्हा माय परातीशी बसली होती. तिने एक वाटी भरली. मग शेजारची दुसरी वाटी ओढली आणि तीही भरली. पहिली चुलत्यांच्या हातात दिली, लिंबाखाली लावा म्हणाली. दुसरी पदराखाली घेऊन उभी राहिली आणि आम्हाला दोघांना, आबांना आणि मला, मागच्या दाराने बाहेर बोलावलं.

"चाला," ती म्हणाली. "तठे पानी उतरेल शे. याले लायी, आते त्याले लावू."

आबा दगडी पायरीवर बसले. तुला कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. मायने वाटीवरचा पदर नीट केला. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सर्वपित्रीच्या दिवशी तिने दगडावर हात फिरवला होता. इतक्या अमावास्यांना तिनेच त्या चकतीवर शेंदूर चोपडला होता, वरून दिसत नसला तरी तो उंचवटा तिच्या हाताला ठाऊक होता. या दगडाला तो नव्हताच.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?

"सांगीसन काय व्हतं?" माय म्हणाली. "पानी भरायी जायेल व्हतं. तुना आबा त्या पानीमा उडी टाकता."

आबांनी तोंड फिरवलं. मी लिंबाकडे बोट दाखवून विचारलं, आणि याला रोज पाणी घालत होतीस ते?

"त्याले बी कोनी नव्हतं."

एवढं बोलून ती चालायला लागली. नवरी मुलगी, तिचा बाप आणि तिची आई हळदीच्या दिवशी भरल्या घरातून मागच्या दाराने निघून गेली, याची चर्चा पुढे बरीच झाली असणार. आम्ही गाडी जुंपली नाही, पायीच गेलो.

पाण्याच्या काठाला माय थांबली. मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही, वाटी मात्र माझ्याकडे दिली आणि लुगडं वर खोचून पाण्यात उतरली. मधल्या वीरापाशी तिला न्यावं लागलं नाही, मी शेवाळ पुसलेली चकती लांबूनच दिसत होती. वाटेत ती एकदा दचकून थांबली, कारण तिच्या पायाशी लाल ठिपक्यांचा एक पुंजका हलला आणि त्याच्याखालून एक काळी मरळ तिच्या पोटरीवर धावून आली आणि परत फिरली. माय तिला म्हणाली, राहू दे, राहू दे, आणि वळसा घालून गेली.

तिने हळद लावली. घोड्याला, स्वाराला, चंद्र-सूर्याला. मग ती चकतीवर आली आणि तिचं बोट थांबलं.

"घडी मोठी व्हई गयी," ती आबांना म्हणाली. "त्याना हात बारीक व्हता."

आबा म्हणाले, मीच सांगितलं होतं मोठी कर म्हणून. लांबून दिसायला पाहिजे. मग माय हसली. मोठ्याने नाही, नाकातून. आबाही हसले, आणि हसता हसता त्यांचा जो हुंदका फुटला तो मी आजवर विसरलेले नाही. माय वाकून त्यांच्या पाठीवर पिवळा हात फिरवत राहिली. मीही रडले. मला वाटलं होतं मला ते येत नाही. वाटीतली उरलेली हळद पाण्यात सांडली आणि बारीक मासे ती चाखायला आले.

परत निघताना आबा म्हणाले, उद्याच गाडी आणतो. मायने नकारार्थी मान हलवली. तिथे मरळीची पिल्लं आहेत, दगड उपटला तर ती कुठे जातील, असं काहीसं ती बोलली. आपल्या पोराला पुन्हा पाण्यात टाकू नका म्हणणारी माझी आई ती हीच का, असं मला वाटलं. पण तिने याचा विचार त्याच दिवशी केलेला नव्हता. इतकी वर्षं दर बाजारी ती भोयाच्या तोंडून त्याचीच खबर घेत होती. वाटेत तिनेच सांगितलं की भोयाला तिने पहिल्याच वर्षी खरं सांगून ठेवलं होतं, आम्हाला नाही. याचा मला थोडा राग आला आणि मी तो तिथेच सांगितला. ती म्हणाली, तुम्ही दोघं ऐकण्यासारखे होतात का?

लग्न झालं. पावसाळ्यात धरण भरलं आणि जुनं गाव पुन्हा खाली गेलं. दिवाळीला मी पहिल्यांदा माहेरी आले. भाऊबीजेच्या सकाळी म्हातारा भोई टोपली घेऊन आला. मायने त्याला ओट्यावर बसवलं. आबाही खाटेवर होते, उठून गेले नाहीत. चहाचा कप त्याच्या हातात देऊन माय त्याच्यासमोर बसली. पाणी किती आहे असं तिने या खेपेला विचारलं नाही.

"पोऱ्या कसा शे?" तिने विचारलं.

"मजामा शे, अक्का," भोई म्हणाला. "एकला नही तो."

मी ओवाळणीचं ताट करत होते. दरवर्षी मी चंद्राला ओवाळायचे. त्या वर्षी मी ताट घेऊन ओट्यावर आले, धरणाकडे तोंड केलं आणि माय सरकून बसली, मला जागा द्यायला.